नजरचूक मान्य नाही

आमच्या घरात दर रविवारी सकाळी दहाला युरोप भरतो. चार लॅपटॉप, तीन एक्स्टेन्शन बोर्ड आणि जमिनीवर वायरींचा असा गुंता, की चहाचा ट्रे घेऊन बाहेरच्या खोलीत जायचं म्हणजे मला सर्कशीत नोकरी लागल्यासारखं वाटतं. अकरा वर्षं हे चाललंय. लोकांचे नवरे पत्ते कुटतात, कुणाचे राजकारणात पडतात. आमचे हे हंगेरी आहेत.

‘आहेत’ असंच म्हणायचं बरं का. मी एकदा ‘हंगेरीकडून खेळतात’ म्हटलं, तर चौघांनी माझ्याकडे असं पाहिलं की जणू मी अडाणी. इतिहासाचा अवाढव्य खेळ आहे तो. पंधराव्या शतकातलं जग नकाशावर मांडलेलं असतं, ज्याने त्याने आपला देश घ्यायचा आणि दोन-तीनशे वर्षं तो हाकायचा. सैन्य, लग्नं, वारस, बंडं, तह, सगळं. एक डाव दीड-दीड वर्ष संपत नाही. आणि बोलणं काय विचारता! एकदा किल्लीवाले भाऊजी दुकानात फोनवर ओरडले, “अरे, मुलगी देऊन टाक ना पोलंडला, कटकट मिटेल एकदाची!” समोरची गिऱ्हाईकबाई किल्ली न घेताच गेली.

हे किल्लीवाले भाऊजी म्हणजे ऑस्ट्रिया. बाजाराच्या कोपऱ्यावर कुलुपं दुरुस्त करतात, डुप्लिकेट किल्ल्या पाडतात. पोलंड म्हणजे भूगोलाच्या बाई. शाळेतून निवृत्त झाल्या, पण आवाज अजून शेवटच्या बाकापर्यंत जातो. आणि तुर्क म्हणजे जनावरांचे डॉक्टर. अंगाला सदा गोठ्याचा वास आणि तोंडात सदा माफी. हंगेरी या तुर्काच्या आणि ऑस्ट्रियाच्या मधोमध, जात्यात सापडल्यासारखी. पण अकरा वर्षांत डाव कितीही झाले, ऑस्ट्रिया आणि हंगेरीची युती कधी तुटली नाही. भाऊजींचं सैन्य दुसऱ्या टोकाला गुंतलेलं असलं तरी इकडची हद्द ते उघडी टाकून जायचे. म्हणायचे, “इकडे मास्तर आहे.”

मास्तर म्हणजे आमचे हे. शाळेतले नव्हेत, रंगांच्या दुकानात शेड मास्तर. कुणी भिंतीचा पापुद्रा आणतं, कुणी उशीचा अभ्रा, एका बाईंनी तर मेलेल्या पोपटाचं पीस आणलं होतं. ते समोर ठेवायचं आणि म्हणायचं, अगदी हाच रंग द्या. दुकानात मशीन आहे, पण मशीनला कॅटलॉगातले रंग कळतात, पीस कळत नाही. मग यांना हाक. हे डब्यात काळ्याचा एक थेंब, पिवळ्याचे दोन, असं करत ढवळतात, कार्डावर बोट ओढतात, हेअर ड्रायरने वाळवतात आणि कार्ड घेऊन दाराशी उजेडात जाऊन उभे राहतात. ओला रंग खोटं बोलतो, असं यांचं म्हणणं. तीस वर्षांत यांनी गिऱ्हाइकाला कधी ‘जुळला का?’ असं विचारलं नाही. हेच सांगतात, जुळला. आणि तो जुळलेलाच असतो.

मी बसस्टँडवर घोषणा करते. बावीस वर्षं झाली. माझा आवाज सगळ्या गावाला पाठ आहे आणि घरात कुणी ऐकत नाही, हे आपलं सांगून ठेवते.

तर या चौघांची एक वही आहे. तह झाला की बाई तो वहीत लिहितात, दोघांच्या सह्या घेतात. पहिल्या पानावर नियम आहेत आणि पहिलाच नियम आहे, ‘नजरचूक मान्य नाही.’ तो डॉक्टरांमुळे आला. डॉक्टर काहीतरी घोळ घालायचे आणि मग हात जोडायचे, “नजरचूक झाली हो, परत करू द्या.” शेवटी बाई वैतागल्या. म्हणाल्या, इतिहासात कुणी राजा नजरचूक झाली म्हणून परत करू द्या म्हणाला होता का? केलंत ते केलंत. तेव्हापासून नियम.

आता त्या रविवारचं सांगते. नकाशावर साल पंधराशे बारा. खाली दक्षिणेला तुर्काची आणि ऑस्ट्रियाची गावं ठिगळं लावल्यासारखी एकमेकांत घुसलेली. ऑस्ट्रियाचा रंग निळा, तुर्काचा जांभळा, आपापले त्यांनीच निवडलेले. तुर्काबरोबरच्या शांततेची मुदत त्या दिवशी संपली होती आणि यांनी युद्ध पुकारायचं ठरलेलंच होतं. युद्ध पुकारताना खेळ एक चौकट दाखवतो, बारीक अक्षरांत. खात्री आहे का, विचारतो. यांनी ‘हो’ दाबलं. मी आत कणीक मळत होते. पाच-दहा मिनिटं नेहमीचा गलका चालला होता आणि एकदम बाहेर सगळं गप्प झालं.

मग भाऊजींचा आवाज आला. “मास्तर, हे बेलग्रेड माझं आहे.”

मी तशीच पिठाच्या हातांनी बाहेर गेले. हे पडद्याकडे बघत होते. चेहरा पांढराफटक.

“मास्तर, तू माझ्याशी युद्ध पुकारलंयस. माझं बेलग्रेड घेतलंस. माझी एक तुकडी नाही तिथे. तुझ्या भरवशावर ठेवली नव्हती.”

डॉक्टर घाईघाईने म्हणाले, “अहो, नजरचूक असेल त्यांची...”

“नाही,” हे म्हणाले. “नजरचूक नाही. मुद्दाम केलं. राजकारण आहे ते. दरवेळी काय युतीच?”

भाऊजींनी लॅपटॉप मिटला, वायर गुंडाळली. दाराशी थांबून म्हणाले, “अकरा वर्षं, मास्तर. सांगून तरी करायचंस.” आणि गेले. चहा तसाच राहिला.

मला काही हा खेळ धड कळत नाही, पण माणूस कळतो. उसनी घेतलेली छत्री पाऊस थांबायच्या आत परत करणारा हा माणूस. हा दगा करेल? आणि तोही भाऊजींना? मी रात्रभर काही बोलले नाही, सकाळी मात्र तोंड सोडलं. म्हटलं, खेळातला असला तरी दगा तो दगा, जा आणि माफी मागून या. हे म्हणाले, “तुला यातलं कळत नाही.” माझ्या डोक्यात तिडीकच गेली. चार दिवस मी यांच्याशी फक्त घोषणा केल्यासारखं बोलले. जेवण वाढलेलं आहे. गॅस बंद केलेला आहे.

पुढचा रविवार आला. बाईंचा फोन आला, की ऑस्ट्रिया नाही तर काय खेळायचं. डॉक्टर कुणाच्या तरी म्हशीचं निमित्त सांगून मोकळे झाले. हे दहाला अंघोळ करून, इस्त्रीचा शर्ट घालून बाहेरच्या खोलीत बसले. बारापर्यंत तसेच बसले. मला राग होता तो होताच, पण आत कुठेतरी चरचरलं.

त्याच आठवड्यात यांचा चष्मा घरी राहिला. माझी ड्यूटी दुपारी संपली होती, म्हणून मी तो द्यायला दुकानात गेले. हे दाराशी उजेडात उभे होते, हातात कार्ड, शेजारी एक गिऱ्हाईक. आणि मी माझ्या कानांनी ऐकलं. हे त्या माणसाला विचारत होते, “जुळला का हो?”

माझ्या पायांखालची जमीनच सरकली. मी तिथेच शेल्फाच्या आड थांबले. मालकीणबाई हळूच जवळ आल्या. म्हणाल्या, बरं झालं तुम्ही भेटलात, महिनाभरात सहा डबे परत आलेत, मास्तरांचं घरी काही बिनसलंय का? त्या काळजीनेच विचारत होत्या. मी म्हटलं, बिनसलंय खरं, मी बघते.

संध्याकाळी चालत घरी येताना पाण्याच्या टाकीजवळच्या बाकावर मी यांना बसवलं. माझी जांभळी ओढणी आणि निळी पिशवी त्यांच्या मांडीवर ठेवली. “यातली निळी कुठली?”

“काय पोरखेळ आहे हा?”

“सांगा ना. शेड मास्तर ना तुम्ही?”

त्यांनी दोन्ही डोळ्यांजवळ नेलं, लांब धरलं, परत जवळ नेलं. मग हळूच दोन्ही माझ्या मांडीवर ठेवलं आणि म्हणाले, “सगळं धुरकट दिसतं गं. चहात बुडवून काढल्यासारखं. आठ महिने झाले.”

“म्हणजे बेलग्रेड...”

“नजरचूकच होती ती. आणि ती चौकट वाचताही आली नाही मला. वाटलं, नेहमीचीच असेल.”

“अहो, मग सांगायचं ना तेव्हाच! मुद्दाम केलं कशाला म्हणालात? दगाबाज म्हणवून घ्यायची हौस आहे का?”

यांनी वडिलांचा विषय काढला. यांच्या वडिलांना काचबिंदू होता. चोपन्नाव्या वर्षी त्यांची नजर गेली ती गेलीच. त्याआधी घरात त्यांचा दरारा, तरी सगळे त्यांच्याशी वाद घालायचे. नंतर कुणी घालेना. ते काहीही बोलले तरी सगळे ‘हो बाबा’ म्हणायचे. यांचं वय आता त्रेपन्न.

“दगाबाज म्हटलं तर तो कधीतरी भांडायला तरी येईल,” हे म्हणाले. “आंधळ्याशी कुणी भांडत नाही.”

मला रडूच आलं. रस्त्यात, माणसांत, हमसून आलं. आणि रडता रडता रागही आला, कारण आठ महिने हा माणूस एकटा घाबरत होता आणि मी शेजारी घोरत होते. म्हटलं, उद्याच्या उद्या डोळ्यांच्या डॉक्टरकडे. तर नाही. “एकदा त्यांनी सांगितलं की संपलं. तोवर निदान माहीत नाही असं तरी म्हणता येतं.” आणि कुणाला सांगायचं नाही, असं माझ्याकडून कबूल करून घेतलं. मी फक्त मान हलवली. शब्द दिला नाही, हे लक्षात ठेवा.

दुसऱ्या दिवशी मी किल्लीवाल्यांच्या दुकानात. शटरकडे पाहिलं आणि तशीच उभी राहिले. शटर फिकट जांभळं! एखाद्या ब्यूटी पार्लरसारखं दिसत होतं.

भाऊजी मशीनवर किल्ली घासत होते. मला पाहून मशीन बंद केलं. “पाहिलंत ना, वहिनी? राखाडी मागितला होता. डबा भांडणाआधीच आणून ठेवला होता, परवा लावला. बेलग्रेड घेतलं ते घेतलं, वर ही थट्टा. तुर्काचा रंग माझ्या शटरला!”

“भाऊजी,” मी म्हटलं, “अकरा वर्षं शेजारी बसलात. तो माणूस अशी थट्टा करेल?”

ते माझ्याकडे बघत राहिले. मग शटरकडे. मग परत माझ्याकडे. एवढा कुलुपांचा माणूस, पण हे उघडायला त्यांना पुरतं एक मिनिट लागलं.

“निळा आणि जांभळा,” ते म्हणाले. “वहिनी, दिसत नाहीये का त्याला?”

मी मान हलवली. परत, शब्द काही दिला नाही. बाकीचं त्यांनी खोदून खोदून विचारलं आणि मी सांगून टाकलं, वडिलांचं, डॉक्टरकडे जायचं नाही म्हणतात ते, आणि आंधळ्याशी कुणी भांडत नाही तेही. ते शेवटचं ऐकून भाऊजींनी हातातली किल्ली टेबलावर आपटली. “असं म्हणाला? बघतोच त्याला.”

रविवारी दहाला बेल वाजली. दारात भाऊजी, मागे बाई आणि डॉक्टर. बाईंच्या हातात वही. हे गडबडून उठले. मला वाटलं, आता भाऊजी गळ्यात पडणार, हळवं काहीतरी बोलणार. छे! बसायच्या आत यांच्या अंगावर ओरडले.

“दिसत नाही म्हणून सोडीन असं वाटलं का तुला? बेलग्रेड परत दे!”

यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी ट्रे तोंडासमोर धरला.

“नियम काय आहे बाई?” भाऊजी.

“नजरचूक मान्य नाही,” बाई म्हणाल्या. “पहिलं पान.”

“ऐकलंस? दिसत नव्हतं, दिव्याचा उजेड पडला होता, मला काही ऐकायचं नाही. केलंस ते केलंस. आता तह करायचा. बाई, लिहा. कलम एक, बेलग्रेड आठ दिवसांत परत. कलम दोन, हंगेरीच्या राजाने आठ दिवसांत डोळ्यांच्या दवाखान्यात जायचं. नाही गेला तर ऑस्ट्रिया आणि पोलंड मिळून त्याच्यावर चालून जाणार.”

“तुर्कसुद्धा,” डॉक्टर म्हणाले. “माफ करा हं, पण तुर्कसुद्धा.”

मला वाटलं, आता हे उठून आत जातील. पण अकरा वर्षांचं रक्तात भिनलेलं कुठे जातं? हे खुर्चीत सरसावून बसले. “आठ दिवस नाही. पंधरा.”

“दहा.”

“बारा. आणि बेलग्रेडबरोबर माझी दोन गावं मागायची नाहीत.”

“एक गाव घेणार.”

“घे. पण बारा दिवस.”

बाईंनी लिहिलं. यांनी सही केली, डोळे वहीला लावून. आणि वहीत सही केलेला तह यांनी आजवर एकदाही मोडलेला नव्हता. भाऊजींना ते पक्कं ठाऊक होतं. मी तिथेच जमिनीवर वायरींच्या गुंत्यात बसून सगळ्यांसमोर डोळे पुसले आणि मग चहाला लागले.

मधल्या रविवारी डाव चालू ठेवायचा तर नकाशा वाचायचा कुणी? मी. बावीस वर्षांचा सराव! “प्रवाशांनी लक्ष द्यावं, तुर्काचं सैन्य, वीस हजार, नदीच्या पुलावर उभं आहे.” हे डोळे मिटून ऐकायचे आणि हुकूम सोडायचे. एकदा मी माझ्या मनानेच पोलंडशी व्यापार करार करून टाकला, कारण बाईंचं माझ्याशी पटतं. हे चिडले, मी डबल चिडले. डॉक्टर म्हणाले, आता देशात दोन राजे झाले. ‘जरा बरं दिसतंय असं सांग’ असं हे एकदा मला हळूच म्हणाले, तुर्काने सरहद्दीवरचा किल्ला घेतला तेव्हा. मी म्हटलं, नाही हो, गेलाय तो, जे दिसतंय तेच सांगणार. मालकीणबाईंना मी सगळं खरं सांगितलं होतं. त्यांनी यांना तेवढे दिवस हिशेब-पावत्या न देता नुसतं मशीनवर ढवळायला बसवलं आणि रंग बघायला दुसरी मुलगी घेतली, मास्तर परत दाराशी उजेडात उभे राहीपर्यंत म्हणून.

बाराव्या दिवशी, म्हणजे अगदी मुदतीच्या शेवटच्या दिवशी, आम्ही डोळ्यांच्या दवाखान्यात होतो. भाऊजी दुकान बंद करून आलेले. तह पाळला जातो की नाही ते बघायला, असं म्हणाले. यांच्या डोळ्यांत बाहुल्या मोठ्या करायचे थेंब टाकले. मग आत नेलं. आम्ही दोघं बाकावर. भिंतीवर खाली खाली लहान होत जाणारी अक्षरं. मी ती वाचत बसले, पुन्हा पुन्हा, शेवटच्या ओळीपर्यंत. भाऊजी खिशातला किल्ल्यांचा जुडगा हातात घेऊन नुसते एकेक किल्ली पुढे ढकलत होते. पाऊण तास गेला असेल. मी मनातल्या मनात यांच्या वडिलांची खुर्ची बघत होते, नजर गेल्यावर ते दिवसभर बसायचे ती, खिडकीजवळची.

दार उघडलं. डॉक्टरीणबाई यांच्या हाताला धरून बाहेर आल्या. मी उभी राहिले. काय वाटतं ते चेहऱ्यावर दिसू नये म्हणून ओठ दाबून धरले.

“मोतीबिंदू,” त्या म्हणाल्या. “दोन्ही डोळ्यांत, वयाच्या मानाने जरा लवकर. ऑपरेशनने निघतो. रंग पुन्हा दिसतील. उजव्या डोळ्याचा दाब थोडा जास्त आहे. वडिलांचं सांगितलंत ते चांगलं केलंत. थेंब कायम घालावे लागतील आणि दर चार महिन्यांनी यायचं, न चुकता. वेळेवर आलात. अजून वर्षभर टाळलं असतंत तर मी असं हसून सांगितलं नसतं.”

मोतीबिंदू. काचबिंदू नाही, निदान आत्ता तरी नाही. माझा जीव असा भांड्यात पडला की मी यांचा दंडच पकडला. यांचे डोळे थेंबांनी पाणावलेले, बाहुल्या बटणांएवढ्या, समोरचं काही धड दिसत नव्हतं. तोंड मात्र हसरं. मान इकडेतिकडे फिरवत होते.

“मग? ऑस्ट्रिया कुठे आहे? आला होता ना?” हे म्हणाले. “आता तर रंग दिसणार मला. सांग त्याला, तयारीत राहा म्हणावं. अगं, बोलत का नाही तो? काय करतोय?”

भाऊजी भिंतीकडे तोंड करून उभे होते, खांदे हलत होते आणि त्यांनी मागे हात करून मला खुणावलं, सांगू नका म्हणून. मी बावीस वर्षं जे आहे तेच सांगत आलेय.

“ऑस्ट्रिया रडतोय,” मी म्हटलं.

हे थांबले. मग आवाजाच्या अंदाजाने भिंतीकडे गेले, चाचपत त्यांचा खांदा शोधला आणि घट्ट धरला. “रडतोस काय, माझं एक गाव घेतलंयस तू,” हे म्हणाले. “ते मी परत घेणार आहे.”

“घेऊन दाखव,” भाऊजी नाक ओढत म्हणाले. “बघू, तुला ते सापडतं का!”

आणि दवाखान्याच्या त्या पॅसेजमध्ये, येणाऱ्याजाणाऱ्या माणसांसमोर, दोघं भांडायला लागले.